"फॉरमॅट मागतंय!"

लग्नसराई संपली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या संगणकाच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. "फॉरमॅट मागतंय." कोण मागतंय, कशाला मागतंय, ते कुणी सांगत नाही आणि मला विचारावं लागत नाही.

यंदा मे महिन्यात फुलेवाडीच्या एक काकू आल्या. साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. पोरीच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यात. म्हणाल्या, "धाकट्यानं लॅपटॉपला लावली, पिक्चर भरला आणि काढली ओढून. आता लावलं की फॉरमॅट मागतंय. होय म्हणावं का नको कळंना. भ्यालो आणि तशीच घेऊन आलो."

भ्याल्या ते फार बरं झालं. 'होय' दाबलं असतं, तर पुढचं काम दहापट अवघड झालं असतं.

डिस्क बिघडल्याचे बहुतेक किस्से असेच असतात. यंत्र वाईट नसतं. ते आत काय करतंय याची कल्पना नसल्यामुळं आपण नेमक्या चुकीच्या क्षणी हात घालतो. त्यात पावसाळा आला, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागली, की भिजलेल्या आणि दमटलेल्या डिस्कांची वेगळी रांग लागते. म्हणून एकदा मुळापासून सांगतो.

आत असतं काय?

बाहेरून जोडायच्या डिस्कच्या दोन जाती. दिसायला सारख्या, स्वभावाला एकदम वेगळ्या.

पहिली हार्ड डिस्क. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते आणि ती मिनिटाला साधारण ५४०० वेळा फिरते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे. खिशात मावणाऱ्या डिस्कमधल्या त्या छोट्या तबकडीची कड हिशोब केला तर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळत असते, आपल्या एसटीच्या वेगानं. तिच्यावर माहिती लिहिणारं आणि वाचणारं टोक, ज्याला आम्ही 'हेड' म्हणतो, तबकडीला टेकत नाही. फिरण्यानं तयार झालेल्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं. अंतर किती? काही नॅनोमीटर. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जाडीचा असतो. आता चालू डिस्कखालून उशी ओढली, टेबलाला धक्का दिला, किंवा गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी डिस्क लोंबकळत ठेवली, तर काय होईल ते तुम्हीच बघा. बंद असताना हेड बाजूला जाऊन बसलेलं असतं, तेव्हा तीच डिस्क बऱ्यापैकी धक्के सोसते.

दुसरी जात पेन ड्राइव्ह आणि एसएसडीची. यात फिरणारं, हलणारं काही नाही. नुसती चिप. १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ही 'फ्लॅश मेमरी' शोधली. बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा आणि त्या भारावरून माहिती ओळखायची, असं तिचं काम. ती पडली तर सहसा काही होत नाही. पण तिची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, नंतर तो झिजतो. आणि कोंडलेला भार मातीच्या माठासारखा हळूहळू झिरपतो. उन्हानं तापलेल्या माळ्यावर ठेवली तर जास्त झिरपतो. या उद्योगात मापदंड ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे. तिच्या मते, लिहून लिहून आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीनं विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती सांभाळली तरी ती पास. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. तरीही एसएसडीत लग्नाचे फोटो भरून ती दहा वर्षं कपाटात ठेवायची गोष्ट नव्हे.

अजून एक फरक मी रोज बघतो. हार्ड डिस्क मरण्याआधी बरेचदा कुरकुर करते, हळू चालते, आवाज करते. पेन ड्राइव्ह काल चालत असतो आणि आज 'डिटेक्ट' होत नाही.

दिवाणजी, गोडाऊन आणि खतावणी

आता मूळ गोष्ट. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात कधी बसला असाल, तर हे लगेच कळेल.

डिस्क म्हणजे गोडाऊन. त्यात नंबर घातलेले लाखो खण आहेत. तुम्ही एखादा व्हिडिओ ठेवता तेव्हा त्याचे तुकडे होतात आणि जिथं खण रिकामे असतील तिथं ते रचले जातात. सगळे एका ओळीत असतीलच असं नाही. मग पुढच्या वेळी सापडतात कसे? खतावणीत नोंद असते. फाइलचं नाव काय, माप किती, माल कुठल्या कुठल्या खणात. ही खतावणी त्याच डिस्कवर एका कोपऱ्यात लिहिलेली असते. तुम्ही डिस्क लावली की संगणक पहिल्यांदा गोडाऊनमध्ये शिरत नाही, खतावणी उघडतो. खतावणी ज्या पद्धतीनं लिहायची तिला फाइल सिस्टिम म्हणतात. हा शब्द इथं एकदा सांगितला, पुढं मी खतावणीच म्हणेन.

खतावणीचं पहिलं पान फाटलं, तर संगणकाला माल कुठला कुणाचा तेच कळत नाही. मग तो विचारतो, फॉरमॅट करू का? म्हणजे, कोरी खतावणी घालू का? माल तिथंच असतो. काकूंच्या पोरीचं लग्न त्या क्षणीही डिस्कवर जसंच्या तसं होतं. फक्त सांगायला कुणी नव्हतं.

डिलीटचंही तेच. हार्ड डिस्कवर तुम्ही फाइल उडवता तेव्हा खतावणीतली ओळ खोडली जाते. माल उचलला जात नाही, फक्त तो खण 'रिकामा' समजला जातो. त्यावर नवा माल येईपर्यंत जुना परत मिळवता येतो. म्हणून चुकून काही उडालं तर पहिलं काम, त्या डिस्कवर नवं काहीही टाकायचं थांबायचं. एसएसडीत मात्र खोडलेले खण आतली यंत्रणा स्वतःच धुऊन काढते. तिथं आशा फार धरू नका.

बार भरला म्हणजे कॉपी झालं, नाही का?

नाही. नेहमी नाही.

अडत्याकडं माल येतो तेव्हा गर्दी असते. दिवाणजी गुळाच्या प्रत्येक रव्यामागं, म्हणजे ढेपेमागं, उठून गोडाऊनमध्ये जात नाहीत. ते कच्च्या वहीत खरडतात, "झालं, निघा" म्हणतात, आणि उसंत मिळाली की पक्क्या खतावणीत उतरवतात. संगणकही असाच वागतो. तुम्ही दिलेली फाइल तो आधी स्वतःच्या मेमरीत, म्हणजे कच्च्या वहीत घेतो, तुम्हाला "झालं" म्हणतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. त्यामुळं काम झपाझप झाल्यासारखं वाटतं. पण "झालं" आणि 'खरंच झालं' यांच्यात काही सेकंदांची फट राहते. त्या फटीत डिस्क ओढली, तर कच्च्या वहीतलं पक्क्यात येत नाही. त्याहून वाईट म्हणजे खतावणीची ओळ लिहिता लिहिता अर्धी राहते. एक फाइल गेली तर नशीब म्हणायचं. अर्ध्या ओळीमुळं आख्खी खतावणीच वाचता येत नाही असं झालं, की मग "फॉरमॅट मागतंय".

घड्याळाजवळच्या त्या छोट्या चिन्हावरचं 'सेफली रिमूव्ह', मॅकवरचं 'इजेक्ट', मोबाइलवरचं 'अनमाउंट', या तिन्हींचा अर्थ एकच. दिवाणजी, कच्चं सगळं पक्क्यात उतरवा, वही मिटा आणि मला सांगा.

"मी दहा वर्षं अशीच ओढतोय, काही झालं नाही"

हे मला आठवड्यातून चारदा तरी ऐकावं लागतं, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो. विंडोज १० मध्ये ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या डिस्कसाठी कच्च्या वहीचा वापर मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवला. त्याला ते 'क्विक रिमूव्हल' म्हणतात. म्हणजे दिवाणजी लगेच उठून पक्क्यात लिहितात. त्यामुळं काही चालू नसताना पेन ड्राइव्ह ओढला तर बहुधा निभावतं.

पण 'काही चालू नसताना' हे तुम्हाला कसं कळणार? कॉपीचा बार गेला तरी अँटिव्हायरस आत डोकावत असतो, एखादं सॉफ्टवेअर फोटोंची छोटी चित्रं बनवून तिथंच साठवत असतं. मॅकवर आणि लिनक्सवर कच्ची वही चालूच असते. शिवाय डिस्कच्या पोटातही तिची स्वतःची एक छोटी कच्ची वही असते. तिच्यापर्यंत विंडोजची ती सेटिंग पोचतेच असं नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वीज नीट तोडली तर हेड शांतपणे बाजूला जाऊन बसतं. अचानक तोडली तर? तबकडी अजून गरगरत असते. तिच्या उरलेल्या फिरण्यातूनच डिस्क थोडी वीज काढते आणि तेवढ्यावर हेड झटकन मागं खेचून घेते. मला ही करामत फार आवडते. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला मिसळ खाऊ घालावी. पण ही आणीबाणीची सोय आहे. रोजच्या बसण्या-उठण्यासाठी हेडला जेवढ्या वेळा मुभा असते, त्याच्या तुलनेत अशा झटक्यांची मुभा फारच थोडी असते.

"आणि काढूच देत नाही तेव्हा?" 'डिव्हाइस इज इन यूज' असं येतं तेव्हा कुठलं तरी खातं उघडं आहे एवढाच अर्थ. डिस्कवरचा फोटो, एक्सेलची शीट, चालू असलेलं गाणं, सगळं बंद करा आणि परत सांगा. तरी ऐकत नसेल, तर सरळ संगणक बंद करा आणि मग काढा. वैतागून ओढू नका. वळवाच्या पावसात लाईट जाते तेव्हाही हाच प्रकार होतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर ढग गडगडायला लागल्यावर मोठी कॉपी सुरू करू नये.

कुठली खतावणी घालून घ्यायची?

नवी डिस्क घेतली की हा प्रश्न येतोच. नावं तीन आहेत.

एफएटी३२ जुन्या वळणाची. तिच्यात फाइलचं माप लिहायचा रकाना इतका अरुंद, की ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सच्या वरचा आकडा त्यात मावतच नाही. म्हणजे ४ जीबी. म्हणून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा असूनही ५ जीबीचा एक व्हिडिओ "फाइल फार मोठी आहे" म्हणून परत येतो. गिऱ्हाईक माझ्यावर चिडतं. पण गणपतीत मंडळाच्या साउंडला, जुन्या कार टेपला हाच पेन ड्राइव्ह चालतो. एनटीएफएस विंडोजची. ती काय लिहिणार हे आधी एका वेगळ्या पानावर टिपून ठेवते, त्यामुळं मध्येच घात झाला तरी बरेचदा स्वतःला सावरते. मॅक तिच्यातलं वाचतो, पण वरचं एखादं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय लिहीत नाही. एक्सएफएटी दोन्हीकडं लिहिते-वाचते, ४ जीबीची अडचण नाही, पण तिच्याकडं ते टिपणाचं पान नाही. म्हणजे ओढाओढी तिला सगळ्यात कमी सोसते. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस घ्या, विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सएफएटी घ्या आणि इजेक्टचा कंटाळा करू नका.

जाता जाता. १ टीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतंय, तर दुकानदारानं मापात मारलेलं नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. मॅकवर लावा, पूर्ण दिसेल.

टकटक वाजतंय

आधी केबल बदलून बघा. हे मी गंमतीनं सांगत नाही. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. सहसा आतून निळं असतं ते ३. फिरायला सुरुवात करतानाच हार्ड डिस्कला सगळ्यात जास्त जोर लागतो. लांबलचक केबल, चार तोंडांचा स्वस्त हब किंवा सीपीयूच्या पुढच्या बाजूचं ढिलं पोर्ट असेल, तर ती उपाशी राहते, उठते, बसते, परत उठते. तोच टिक-टिक आवाज येतो. मागच्या पोर्टला, आखूड केबलनं लावा.

तरीही लयीत टकटक येत असेल, तर हेड जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाही. वीज तोडा. "एकदा शेवटचं बघू" म्हणून लावलेली प्रत्येक वेळ तबकडीवर ओरखडा काढू शकते. डिस्क उघडून आत फुंकर मारणाऱ्या हुशार भाच्यापासून तिला वाचवा. त्या काही नॅनोमीटरच्या फटीत धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आडवी आलेली दरड. आतला आवाज असेल तर ते काम माझ्यासारख्याचंही नाही, धूळविरहित खोली असलेल्या लॅबचं आहे. ते महाग असतं, हेही सांगून ठेवतो.

आवाज नाही, पण काळजी वाटते? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे आजच माल हलवा.

पाऊस, दमट हवा आणि पूर

आपल्याकडं जूनपासून कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. डिस्कवर बुरशी दिसत नाही, पण पोर्टच्या पट्ट्यांना गंज चढतो. झाकण हरवलेले पेन ड्राइव्ह जुलैत हमखास हटून बसतात. बऱ्याचशा हार्ड डिस्कना एक बारीक छिद्र असतं, आतली-बाहेरची हवा समान ठेवायला. आत गाळणी असते, पण ओल तिलाही पूर्ण अडवता येत नाही. तेव्हा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. नवीन चपलेच्या नाहीतर बॅगेच्या खोक्यात त्या पुड्या येतात, टाकू नका. एसी खोलीतून डिस्क दमट हवेत आणली तर अर्धा तास थांबून मगच लावा, गार लोखंडाला घाम फुटतो तसा तिलाही फुटतो.

पूर ही वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी आहे ४३. जुलै २०२१ मध्ये परत तेच. शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या फोटोग्राफरचा स्टुडिओ तळमजल्यावर. पोरानं कॅमेरे, लेन्सा, लाइटं सगळं वर चढवलं. हार्ड डिस्क दोन होत्या, दोन्हींवर तेच फोटो. म्हणजे कॉपी ठेवलेली होती. फक्त दोन्ही एकाच खणात होत्या, खालच्या.

पाणी ओसरल्यावर त्यानं एक डिस्क धुतली, उन्हात वाळवली, हेअर ड्रायर मारला आणि लावली. एक घरघर झाली आणि संपलं. दुसरी निराशेनं तशीच ओल्या पिशवीत गुंडाळून कोपऱ्यात टाकली होती. ती आम्ही बाहेरगावी लॅबला पाठवली आणि बहुतेक फोटो परत आले. आळस उपयोगी पडल्याचं हे एकच उदाहरण माझ्याकडं आहे. कारण साधं आहे. पुराचं पाणी म्हणजे गाळ, माती, तेल. ओलं असेपर्यंत ते तबकडीवरून धुता येतं, वाळलं की चिकटून बसतं. आणि वाळलेला गाळ घेऊन तबकडी फिरवली की काम संपलं. तेव्हा भिजलेली हार्ड डिस्क लावू नका, वाळवू नका, तांदळात पुरू नका. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला द्या.

पेन ड्राइव्हचं उलटं. तो स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवून पंख्याखाली चार-पाच दिवस पूर्ण वाळवा आणि मग लावा. ओला असताना वीज दिली तर तो मरू शकतो.

"आणि चुंबक? माझी आई फ्रिजवर ठेवू देत नाही." फ्रिजच्या दारावरच्या चुंबकानं काही होत नाही. हार्ड डिस्कच्या पोटातच हेड हलवायला त्याच्या कैकपट ताकदीचे चुंबक बसवलेले असतात. पेन ड्राइव्हचा तर चुंबकाशी संबंधच नाही. फ्रिजवर ठेवू नका ते खरं, पण कंपनामुळं आणि उष्णतेमुळं.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पाहुणा

विद्यापीठात प्रोजेक्टचे दिवस सुरू झाले की पेन ड्राइव्ह दिवसातून चार संगणकांना भेटतो आणि संध्याकाळी सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन घरी येतो. हा शॉर्टकट व्हायरस. तो माल नेत नाही. तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाच्या पाट्या स्वतःच्या दारावर लावतो. पाटी बघून तुम्ही दार उघडलं की तो तुमच्या संगणकात. म्हणून शॉर्टकट दिसला तर क्लिक करायचं नाही, घाबरून फॉरमॅटही करायचं नाही. लपलेल्या फाइली दाखवायची सेटिंग चालू केली की मूळ फोल्डर तिथंच दिसतात.

"माझ्या संगणकाला नेटच नाही, मला काय भीती?" इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पातल्या यंत्रणाही इंटरनेटला जोडलेल्या नव्हत्या. तिथं शिरलेला, २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस यूएसबी ड्राइव्हवरून पसरत होता. प्रिंटसाठी एक छोटा, रिकामा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. घरी आला की फॉरमॅट. त्यावर घरचं काही नको.

आणि मोबाइलवर जाहिरात येते ना, २ टीबीचा पेन ड्राइव्ह पाचशे रुपयांत? त्यात ३२ जीबीची चिप असते आणि बाहेर पाटी २ टीबीची. ३२ भरल्यावर नवा माल जुन्याच्या डोक्यावर टाकला जातो आणि खतावणीत मात्र सगळं ठीक दिसतं. फाइलींची नावं दिसतात, उघडत नाहीत. नवा ड्राइव्ह घेतला की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं एकदा काठोकाठ भरून तपासा. वेळ लागतो, पण खोटं लगेच उघडं पडतं.

"बॅकअप घेतलाय की!"

कसा घेतलाय, असं मी विचारतो. "लॅपटॉप भरला होता, सगळं हार्ड डिस्कवर टाकलं आणि लॅपटॉपवरून उडवलं."

ह्याला बॅकअप म्हणत नाहीत, ह्याला घर बदलणं म्हणतात. आधी एक प्रत होती, आताही एकच आहे, फक्त ती आता पिशवीतून फिरते. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवून मूकपट काढले. त्यातले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. ती नायट्रेटची रिळं पेट घेणारी, प्रती मोजक्या. शंभर वर्षांनी आपण तेच करतोय, आणि आपल्याकडं दुसरी प्रत काढायचा खर्च एका जेवणावळीच्या मानानं काहीच नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरनं एक हिशोब रूढ केला. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. शाहूपुरीचा फोटोग्राफर अडला तो शेवटच्या अटीवर.

"क्लाउड आहे की!" आहे, आणि वापराच. पण गुगल फुकट देतं १५ जीबी, त्यात ईमेलही आलं. लग्नाचं शूटिंग २०० जीबी. सेकंदाला २० मेगाबिट अपलोडनं ते चढवायला न थांबता २२ तास लागतात, मध्ये लाईट गेली नाही तर. आणि बऱ्याच ठिकाणी फोनवरून फोटो उडवला की क्लाउडवरूनही उडतो, कारण ते दोघं एकमेकांची नक्कल करत असतात. निवडक पाचशे फोटो क्लाउडवर, सगळं शूटिंग दोन डिस्कवर, असं मी सांगतो. कपाटातली डिस्क दर सहा महिन्यांनी एकदा लावून दोन-चार फाइली उघडून बघायच्या. पाच-सहा वर्षं झाली की सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं. आणि बाहेर फिरणाऱ्या डिस्कवर आधार कार्ड, सातबारा, बँकेचे कागद असतील तर पासवर्डचं कुलूप घाला. ते कुलूप विसरलात तर मात्र मीही काही करू शकत नाही.

काकूंच्या डिस्कचं काय झालं? मी तिला दुरुस्त करायला हात लावला नाही. आधी खण न् खण जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला, त्यात सगळी दुपार गेली. खतावणी एनटीएफएसची होती आणि ती आपल्या पहिल्या पानाची एक प्रत अगदी शेवटी लिहून ठेवते. ती शाबूत होती. तिच्यावरून पुढचं पान जुळवलं, आणि हळदीचा पहिला फोटो उघडला. धाकट्यानं भरलेला पिक्चर तेवढा अर्धा निघाला. काकू म्हणाल्या, असू दे, त्याला तीच शिक्षा.

दोन डिस्क केल्या. दोन्हींवर पट्टी चिकटवून तारीख घातली.

"एक माझ्याजवळ ठेवतो," काकू म्हणाल्या, "दुसरी पोरीकडं देतो, इचलकरंजीला."

"नदीजवळ घर आहे काय त्यांचं?"

काकू थोडं थांबल्या. "व्हय की. आणि नदी पण हीच." मग पिशवीत एक डिस्क घातली आणि दुसरी माझ्यासमोर सरकवली. "भाची पन्हाळ्यावर असते. रविवारी येणाराय, तिला तुमच्याकडं पाठवतो. तवर राहू दे इथं, वरच्या खणात."